माझेच खरे!

ग्रामपंचायतीची सभा भरते. नवी विहीर कुठे खणायची? कोणी म्हणतो वेशीपाशी, कोणी म्हणतो शाळेपाशी. वाद होतो. शेवटी हात वर होतात. जिकडे हात जास्त, तिकडे विहीर. हरलेला गडी आपल्या घरी जातो. त्याला कोणी तुरुंगात घालत नाही. पुढच्या सभेत तो पुन्हा बोलतो. हीच लोकशाही.

पण काहींना ही रीत मानवत नाही. त्यांची मते टोकाची असतात. ते म्हणतात, "खरे काय ते आम्हांला कळले आहे. मग हात कशाला मोजायचे?" विरुद्ध बोलेल तो त्यांना शत्रू वाटतो. शिवाय त्यांना घाई असते. समजूत घालायला त्यांना वेळ नसतो.

अशाने काय होते? जर्मनी देशाची हकिकत ऐका.

पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला. १९१९ साली तिथे लोकशाहीची घटना झाली. पुढे १९२९ साली जगभर मंदी आली. कारखाने बंद पडले. १९३२ साली साठ लाख माणसे बेकार होती. लोक गांजले. तेव्हा दोन टोकांचे पक्ष वाढले. एक हिटलरचा नाझी पक्ष, दुसरा कम्युनिस्ट पक्ष. दोघांचे हाडवैर. रस्त्यात मारामाऱ्या होत. पण ही लोकशाही मोडायची, यावर दोघांचे एकमत!

नाझी म्हणत, देशाला एकच पुढारी हवा. कम्युनिस्ट म्हणत, ही लोकशाही भांडवलवाल्यांची आहे.

जुलै १९३२ मध्ये निवडणूक झाली. संसदेच्या जागा ६०८. नाझींना २३०, कम्युनिस्टांना ८९. बेरीज करा. ३१९ झाले. म्हणजे निम्म्याहून जास्त!

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर मुख्य प्रधान झाला. महिनाभरात संसदेला आग लागली. ते निमित्त करून त्याने कम्युनिस्टांची धरपकड केली. २३ मार्चला नवा कायदा आला. संसदेला न विचारता सरकारने कायदे करावेत, असा तो कायदा. बाजूने ४४४ मते, विरुद्ध ९४. जुलैत इतर सारे पक्ष बंद झाले. हम करे सो कायदा!

मग चूक दाखवणार कोण? हिटलरने १९३९ साली युद्ध पेटवले. सुमारे साठ लाख ज्यू लोकांची कत्तल झाली. १९४५ साली जर्मनी बेचिराख झाला.

टोकाचा माणूस बोलतो ते सगळेच खोटे नसते. जर्मनीतली भूक खरी होती. लोकशाहीचे काम हळू चालते, हेही खरे. पण लोकशाहीत चुकलेला कारभारी मत देऊन बदलता येतो. हुकूमशहा तसा बदलता येत नाही.

म्हणून मत मागायला येईल त्याला विचारा, "दादा, हरलात तर खुर्ची सोडाल ना? आम्ही विरुद्ध बोललो तर ऐकून घ्याल ना?" तो काय सांगतो ते नीट ऐका. मगच मत द्या.

शब्दांचे अर्थ
घटना – राज्यकारभाराचे मूळ नियम
बेचिराख – पुरते उजाड
हुकूमशहा – कोणालाही न विचारता राज्य करणारा

उत्तरे सांगा
१. टोकाच्या माणसाला मते मोजणे का आवडत नाही?
२. दोन वैरी पक्षांचे एकमत कशावर होते?
३. तुमच्या गावात हरलेल्याचे म्हणणे ऐकतात का?