वलंदेजी भाषा शिकतांना

आज ज्यांस आपण डच म्हणतों, त्यांस जुन्या मराठी कागदपत्रांत 'वलंदेज' असें नांव आढळतें. सतराव्या शतकांत त्यांची एक वखार आपल्या वेंगुर्ल्यास होती. त्यांची भाषा शिकूं इच्छिणारा आपला विद्यार्थी बहुधा इंग्रजी पुस्तकें पुढें घेऊन बसतो, आणि तेथेंच त्याची वाट लांबते. कारण जेथें ही भाषा इंग्रजीशीं फारकत घेते, तेथें पुष्कळदां ती मराठीच्या जवळ येते.

वाक्यरचनाच पहा. साध्या विधानांत क्रियापद दुसऱ्या स्थानीं असतें: 'इक लेस हेट बूक', म्हणजे शब्दशः 'मी वाचतों तें पुस्तक'. आरंभीं 'आज' या अर्थाचा शब्द घातला तरी क्रियापद जागा सोडीत नाहीं. कर्ताच मागें सरतो: 'फान्दाख लेस इक हेट बूक'. येथें आपणांस श्रम पडतात खरे. परंतु गौण वाक्य आलें कीं क्रियापद थेट शेवटीं जातें. 'इक देंक दात यान हेट बूक लेस्त' यांतील 'दात'पासून पुढें एकेक शब्द मराठींत मांडावा: 'कीं यान तें पुस्तक वाचतो'. एकही शब्द हलवावा लागत नाहीं! इंग्रजीच्या मार्गानें जाणारा हेंच वाक्य दोनदां उलटें करितो.

लिंगविचारांतही तसेंच. पुल्लिंग व स्त्रीलिंग यांस मिळून 'द' हें उपपद लागतें व नपुंसकलिंगास 'हेट'. कोणत्या नामास कोणतें, हें बहुतेक पाठच करावें लागतें. मात्र एक नियम अढळ आहे: लघुत्वदर्शक प्रत्यय लागलेलें एकवचनी नाम नेहमीं नपुंसकलिंगी. 'द काट' म्हणजे मांजर. 'हेट काट्ये' म्हणजे मांजराचें पिल्लूं. मुलीस 'मैशे' म्हणतात, व तोही शब्द याच नियमानें नपुंसकलिंगी. इंग्रज विद्यार्थी याचें हंसें करितो. वासरूं, कोंकरूं, पांखरूं, लेंकरूं म्हणणाऱ्यांनीं कां करावें? गोव्याच्या कोंकणींत तर मुलगी या अर्थाचा 'चेडूं' हा शब्द नपुंसकलिंगीच आहे.

अंकही आपल्याप्रमाणेंच, आधीं एकं व मग दहं: पंचवीस म्हणजे 'पांच-आणि-वीस'. एकोणतीस मात्र त्यांच्याकडे 'नऊ-आणि-वीस'.

वाक्प्रचारांत गाईगुरें व पाणी यांची रेलचेल आहे. इकडच्यातिकडच्या गप्पा मारणें यास 'लहान गाई व लहान वासरें यांविषयीं बोलणें' म्हणतात. तेथेंही तोच लघुत्वाचा प्रत्यय. मूळ कारण न काढतां व्यर्थ खटपट करणें म्हणजे 'तोटी उघडी ठेवून फरशी पुसणें'. ज्या देशाची सुमारें चौथाई भूमि समुद्रसपाटीखालीं आहे, त्याच्या तोंडीं ही उपमा शोभते. बिंग फुटलें म्हणजे 'बाहींतून माकड बाहेर आलें'. ब्रूखेल या चित्रकारानें १५५९ सालीं अशा शंभरांहून अधिक म्हणी एकाच चित्रांत रंगविल्या. तें चित्र बर्लिन येथें आहे.

आणि कोणी वलंदेज म्हणाला कीं, 'मी दारासकट घरांत पडतों', तर घाबरूं नये. प्रस्तावना न करितां तो मुद्द्यास हात घालीत आहे, इतकेंच.