हात धुऊन मागे लागणे

पाठासाठी वाचन : मार्क ७:१-२३, मत्तय २७:२४

ठरलेले काम बिघडले की आपण विचारतो, "कुठे माशी शिंकली?" मी सातारा-सांगली भागात वीस वर्षे माश्यांच्या सहवासात काम करीत आहे, पण शिंकणारी माशी अजून पाहिलेली नाही. माशी बिचारी पायांनी रोगराई पसरवते. शिंकण्याचे काम माणसाचे आहे, आणि ते आपण मनापासून करतो. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी आपल्या उपासनेत येऊन बसा. उपदेशाच्या प्रत्येक मुद्द्यावर कोणी ना कोणी खोकून अनुमोदन देते. शिंक आली की ती उजव्या तळहातात घ्यायची, तोच हात पदराला किंवा पँटला पुसायचा, बोटाला थुंकी लावून 'उपासना संगीत'चे पान उलटायचे आणि उपासना संपली की त्याच हाताने "जय ख्रिस्त" म्हणत पाळकसाहेबांचा हात हातात घ्यायचा. पाळकसाहेब दारात उभे राहून दीडशे हात हातात घेतात आणि घरी जाऊन जेवायला बसतात. त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो ती उगीच नाही.

आपल्या जुन्या माणसांचा एक समज होता. घरातून निघताना कोणी शिंकले की अपशकुन. थोडे थांबायचे, घोटभर पाणी प्यायचे, मग निघायचे. कारण चुकीचे असले तरी शिंकणाऱ्यापासून जरा वेळ लांब राहावे, हा सल्ला डॉक्टरही देतील.

फ्लूचा विषाणू इतका बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून तो हवेत येतो, जवळच्या माणसाच्या श्वासात जातो आणि दाराची कडी, मोबाईल, पाण्याचा तांब्या यांवर जाऊन बसतो. धातू-प्लास्टिकसारख्या गुळगुळीत वस्तूंवर तो एखादा दिवसभर टिकू शकतो. तिथून आपली बोटे त्याला उचलतात आणि नाका-डोळ्यांपर्यंत पोहोचवतात. आपण तासाभरात किती वेळा तोंडाला हात लावतो हे मोजायचे असेल तर पुढच्या समितीच्या सभेत समोरच्या सभासदाकडे बघत बसा. सभेचा वेळही बरा जाईल. या विषाणूवर चरबीचे पातळ कवच असते. साबणाने ते फुटते, म्हणून साबण हवा. नुसते पाणी विषाणूला आंघोळ घालते. अर्थात हात धुतले की फ्लू होणारच नाही असे कोणी समजू नये. तो मुख्यतः श्वासातून येतो. पण हाताची वाट तरी बंद होते, आणि त्याच धुण्याने जुलाबाचीही वाट बंद होते. वस्तीवरच्या लहान मुलांसाठी हा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा आहे.

आपल्याकडे फ्लूचे हंगाम दोन : एक पावसाळ्यात, दुसरा थंडीत. जुन्या लोकांच्या बोलण्यात 'मानमोडी' हा शब्द येतो. ती १९१८ ची साथ. जूनमध्ये मुंबईत सुरू झाली, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फिरून आली तेव्हा खेडोपाडी शिरली. देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली असे अभ्यासक मानतात. त्यामानाने २००९ चा स्वाइन फ्लू पुष्कळांना आठवत असेल. ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले, आणि आपल्याकडे लोक कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या हुंगत एस.टी.त बसले. वास छान यायचा. विषाणूला मात्र नाक नसते.

हात धुण्याची गोष्ट सांगताना व्हिएन्नाच्या डॉ. इग्नाझ सेमेलवाइसला विसरता येत नाही. १८४७ साली तो तिथल्या मोठ्या रुग्णालयात प्रसूती विभागात होता. विभाग दोन होते. एकात सुइणी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात डॉक्टर आणि विद्यार्थी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी कितीतरी जास्त मरत. गावातल्या बायकांना हे ठाऊक होते. "मला सुइणींकडे पाठवा" म्हणून त्या हात जोडत. सेमेलवाइसच्या लक्षात आले, की डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून तशीच बाळंतिणीकडे येतात. त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या. काही महिन्यांत ते प्रमाण दोनाच्या आसपास आले.

आता कोणालाही वाटेल, की त्याचा सत्कार झाला असेल. डॉक्टर रागावले. आमच्यासारख्या सभ्य माणसांचे हात घाण कसे असतील? पुढे त्याला तिथून जावे लागले आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात तो मरण पावला. त्यानंतर अवघ्या २९ वर्षांनी, १८९४ मध्ये, आपल्या मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे रुग्णालय सुरू झाले. तोवर शस्त्रक्रियेआधी हात घासून धुणे हा नियम झाला होता. वानलेसवाडीवरून जाताना मला वानलेससाहेबांच्या आधी सेमेलवाइस आठवतो. "तुमचे हात घाण आहेत" हे वाक्य ऐकून घेणे डॉक्टरांनाही जमले नाही, आणि आपण ते वस्तीवर जाऊन किती सहज बोलतो!

इथे मार्कच्या सातव्या अध्यायाकडे वळू. पुष्कळांना हा उतारा अडचणीचा वाटतो. शिष्य न धुतलेल्या हातांनी जेवतात, परूशी हरकत घेतात आणि प्रभू शिष्यांची बाजू घेतो. संडे स्कूलच्या एका मुलाने मला विचारलेही होते, "मग आई आम्हाला का धुवायला लावते?" उत्तर असे, की तिथला वाद मळाचा नव्हता, विटाळाचा होता. कोण शुद्ध, कोण अशुद्ध, कोणाबरोबर पंगतीला बसायचे आणि कोणाबरोबर नाही, हे त्या धुण्याने ठरत होते. आपल्याला हे समजायला यरुशलेमला जायची गरज नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'च्या सुरुवातीला आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन केले आहे, ते वाचताना हसून डोळ्यांत पाणी येते. बाजारातून आलेले धान्यसुद्धा धुतल्याखेरीज घरात घ्यायचे नाही, आणि त्या धुण्यापायी घरातल्या बायकामुलांचे हाल. त्या घरात पाण्याला तोटा नव्हता. आरोग्याशी मात्र त्या पाण्याचा संबंध नव्हता. जगातली बाकी माणसे त्या पाण्याने धुऊन दूर करायची होती.

आमच्या कातकरी कुटुंबांनी हेच पाणी पिढ्यानपिढ्या दुरून पाहिले आहे. कोळसा पाडणारे, उंदीर खाणारे, घाण लोक, असे त्यांना गावाने पुष्कळ वेळा म्हटले आहे. त्यामुळे आपण साबणाची वडी घेऊन जातो तेव्हा त्यांच्या कानांना पहिल्यांदा ते जुनेच वाक्य ऐकू येते. हे मला पुस्तकातून कळले नाही. कराडच्या बाजूला एका वीटभट्टीवर कळले.

जानेवारीचे दिवस होते. भट्टीवर सात-आठ कातकरी कुटुंबे उचल घेऊन आलेली. नदीवरून मोटारीचा जाड पाइप येऊन मातीत पाणी सोडत होता. विटांना पाण्याची कमतरता नव्हती, माणसांसाठी एक गंजका पिंप होता. मी हात धुण्याचे तक्ते घेऊन गेले होते. सुरुवातीलाच एक आजी म्हणाल्या, "बाय, आमचं हात दिसभर वल्लंच असतात. कोरडं तर तुमचंच." सगळ्या बायका हसल्या. मीही हसले आणि ठरलेला पाठ सुरू केला : तळवे, बोटांच्या फटी, नखे, अंगठे, मनगट.

आता कबुली. त्या दिवशी मला सर्दी होती. सकाळपासून अंग दुखत होते, पण "देवाचे काम आहे, कसे टाळायचे" असे म्हणून मी निघाले होते. पाठ संपला, मुलांना राजगिऱ्याचे लाडू वाटायला घेतले, मधेच शिंक आली, ती मी नेहमीच्या सवयीने उजव्या हातात घेतली आणि पुढचा लाडू उचलला. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी ओरडली, "बायनं हात नाय धुतला!" भट्टी हसून हसून लोळायची बाकी राहिली. मी हात धुतले, पण तोवर दहा-बारा लाडू वाटून झाले होते.

तीन-चार दिवसांनी फोन आला. भट्टीवर पाच मुलांना ताप होता, आणि सात महिन्यांच्या एका बाळाचा श्वास जोरात चालला होता, छाती आत ओढली जात होती, अंगावर पीत नव्हते. अशा बाळाला एक तासही घरी ठेवायचे नसते. ते पाच दिवस रुग्णालयात होते. बरे झाले, देवाची कृपा. ताप माझ्याकडूनच गेला असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ट्रकवाल्याकडून आला असेल, बाजारातून आला असेल. मी स्वतःला हेच सांगत होते. पिलातानेही पाणी मागवून लोकांसमोर हात धुतले होते. पवित्र शास्त्रातले सर्वांत प्रसिद्ध हात धुणे ते, आणि त्याने काहीच स्वच्छ झाले नाही.

मी त्या आजींना भेटायला गेले, क्षमा मागितली. त्यांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बाय, तुमी कदी रिकाम्या हातानं येत नाय." त्या वाक्यात राग किती आणि थट्टा किती, ते मला आजही ठरवता आलेले नाही.

म्हणून आता आमच्या कामात एक नियम आहे : नाक वाहत असेल, ताप असेल, तर वस्तीवर जायचे नाही. फ्लूचा माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच ते सात दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो. नाताळच्या सुमारास भेटवस्तू घेऊन येणाऱ्या आपल्या मंडळ्यांनाही ही विनंती. बस ठरलेली असते, फोटो काढायचे असतात, एकजण खोकत असतो आणि "एवढ्याने काय होतं" म्हणून तोही बसतो. त्याला घरी ठेवा. त्याची भेट दुसऱ्याच्या हाती पाठवता येते. आणखी एक : सॅनिटायझरची खोकी पाठवू नका. २०२० मध्ये ती इतकी आली, की ठेवायला जागा उरली नाही. मातीने भरलेल्या हातांवर ते काम करत नाही. साबण पाठवा, आणि त्याहून पाण्याची सोय करा. फ्लूवर अँटिबायोटिकही चालत नाही, तेव्हा घरात उरलेल्या गोळ्याही नकोत. आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवणे हेच बरे.

भट्टीवर पाण्यासाठी मालकाशी तीन वेळा बोलावे लागले. पहिल्या दोन वेळा त्यांनी हात वर केले. तिसऱ्या वेळी त्यांचाच मुलगा तापाने निजला होता; रोज एक पिंप मातीच्या पाइपातून भरून मिळू लागले. मग पाच लिटरच्या तेलाच्या कॅनला भोक पाडून तो काठीला टांगला, दोरी बांधली, खाली पायाने दाबायची फळी. आफ्रिकेत झिंबाब्वेकडे निघालेली ही युक्ती; हात न लावता पाणी येते आणि थोडक्यात काम होते. पहिल्या दिवशी मुलांनी तासाभरात कॅन चार वेळा रिकामा केला. दुसऱ्या दिवशी साबण नाहीसा झाला. मुकादमाने मुलांना बोल लावला, मीही मनात तेच म्हटले. तिसऱ्या दिवशी चोर सापडला, चोचीत वडी घेऊन उडताना. तेव्हापासून साबण कांद्याच्या जाळीच्या पिशवीत बांधलेला असतो, आणि कावळा रोज येऊन बघून जातो.

हा पाठ गटात घेताना एक खेळ करा. सभेच्या सुरुवातीला एकाच व्यक्तीच्या हाताला तेलात कालवलेली हळद गुपचूप लावा आणि तिला सर्वांशी हस्तांदोलन करू द्या. प्रार्थना, गीते, चहा होऊ द्या. शेवटी हळद कुठे कुठे गेली ते शोधा : कपाच्या कानावर, शास्त्राच्या पानावर, कोणाच्या नाकावर. आमच्या महिला मंडळात ती दानपेटीवरही सापडली. मग सर्वांनी साबणाने हात धुवावेत. वीस सेकंद तरी घासायचे. संडे स्कूलमध्ये आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणत हात धुवा असे सांगितले होते. शांतपणे म्हटली तर ती पुरून उरते, पण आमची मुले अकरा सेकंदांत 'आमेन'ला पोहोचतात. भट्टीवरची मुले विटा मोजतात. तीस विटा मोजून झाल्या की हात स्वच्छ.

यंदाच्या जानेवारीत मी पुन्हा गेले. तीच कुटुंबे होती, बाळ आता विटांच्या रांगेवरून चालत होते. कॅनपाशी ती मुलगी उभी होती, वर्षभरात वीतभर वाढलेली. तिने मला आत जाऊ दिले नाही. फळी दाबली, साबणाची जाळी पुढे केली आणि मोजायला लागली. अठरापर्यंत आल्यावर थांबली आणि माझे हात उलटे करून पाहत म्हणाली, "बाय, अंगठा ऱ्हायला."