न आलेल्या पार्सलचा निरोप

आजी-आजोबांच्या मोबाइलवर आलेले संदेश पुष्कळदा तुम्हीच वाचून दाखवता. त्यांत असा एखादा संदेश सापडतो: तुमचे पार्सल गोदामात आले आहे, पण पत्ता अपुरा आहे, ४८ तासांत खालील दुव्यावर पत्ता भरा, नाहीतर पार्सल परत जाईल. संदेशात नाव असते भारतीय टपाल खात्याचे. २०२४ मध्ये असे संदेश पसरले, तेव्हा केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने ते खोटे असल्याचे जाहीर केले. पत्ता भरून घेण्यासाठी टपाल खाते असे संदेश पाठवीत नाही.

मग शहाणी माणसेही का फसतात? याचे उत्तर गणितात आहे. समजा, एकच संदेश १,००,००० लोकांना पाठवला आणि त्यांपैकी वीसात एकजण खरोखरच पार्सलची वाट पाहत आहे. म्हणजे ५,००० लोकांना तो संदेश अगदी आपल्यासाठीच आहे असे वाटेल! ठगाला तुमच्या पार्सलची काहीही माहिती नसते. त्याने अंधारात बाण सोडलेले असतात; काही लागतातच.

दुवा उघडला की टपाल खात्यासारखे दिसणारे पान येते. तेथे नाव-पत्ता विचारतात आणि पुन्हा पार्सल पाठवण्यासाठी किरकोळ रक्कम मागतात. ती रक्कम हे नुसते आमिष आहे. खरा डोळा असतो बँकेच्या कार्डाचा क्रमांक आणि ओटीपी यांवर.

क्रमांकाची परीक्षा

संदेशात कधी पार्सलचा क्रमांकही असतो. तो तपासता येतो का? जागतिक टपाल संघाने ठरवलेल्या पद्धतीत क्रमांकाला १३ स्थाने असतात: आरंभी दोन अक्षरे, मग नऊ अंक, शेवटी देशाची दोन अक्षरे. आपल्या स्पीड पोस्टचे क्रमांकही सहसा याच घडणीचे असतात. नऊ अंकांपैकी शेवटचा हा ‘तपासअंक’ होय. तो आधीच्या आठ अंकांवरून काढतात.

उदाहरणार्थ, ईई १२३४५६७८५ आयएन हा क्रमांक घ्या. पहिल्या आठ अंकांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणा आणि गुणाकारांची बेरीज करा.

८ + १२ + १२ + ८ + १५ + ३० + ६३ + ५६ = २०४

२०४ ला ११ ने भागल्यास बाकी ६ उरते. ११ मधून ६ वजा केले की ५. तपासअंक जुळला! (वजाबाकी १० आली तर तपासअंक ०, आणि ११ आली तर ५ धरतात.) आता ७ आणि ८ यांची अदलाबदल करून पाहा. बेरीज २०६ होते आणि तपासअंक ३ येतो. लिहिण्यातल्या बहुतेक चुका अशा पकडल्या जातात.

पण येथे जपून पाऊल टाकायला हवे. या पद्धतीच्या क्रमांकात तपासअंक जुळला नाही, तर तो क्रमांक चुकीचा हे नक्की. जुळला, तर मात्र संदेश खरा असे सिद्ध होत नाही. मनाने लिहिलेला क्रमांकही सुमारे दहात एकदा जुळेल. शिवाय ठगालाही गुणाकार येतो!

दुवा उलटा वाचा

लिफाफ्यावरचा पिन कोड पत्त्याच्या शेवटी असतो, पण टपालाची छाननी त्यावरूनच होते. संकेतस्थळाच्या पत्त्याचेही तसेच आहे. आरंभीच्या जोड तिरप्या रेषा सोडून पुढची पहिली तिरपी रेषा शोधा आणि तिच्या अलीकडचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. टपाल खात्याचा पत्ता ‘इंडियापोस्ट.जीओव्ही.इन’ असा आहे. ‘जीओव्ही.इन’ हे शेपूट फक्त सरकारी संस्थांना मिळते. ‘इंडियापोस्ट.कखग.कॉम’ असा पत्ता असेल, तर त्याचा मालक ‘कखग’ आहे, टपाल खाते नव्हे. आखूड केलेल्या दुव्यात तर खरा पत्ता दिसतच नाही.

आणि सर्वांत पक्की कसोटी कोणती? संदेशाची परीक्षा त्याच संदेशातल्या दुव्याने किंवा फोन नंबरने करू नका. साक्षीदार स्वतःच स्वतःची साक्ष काढू शकत नाही. टपाल खात्याचे संकेतस्थळ स्वतः उघडून क्रमांक घाला, पार्सल पाठवणाऱ्याला विचारा किंवा जवळच्या टपाल कार्यालयात जा. ‘४८ तासांत’ ही घाई तुम्ही असे काही करू नये म्हणूनच घातलेली असते.

घरात कोणी फसलेच, तर त्यांना रागावू नका. लगेच बँकेला कळवायला सांगा आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करायला लावा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता अधिक.

करून पाहा : ईई २०३०४०५०? आयएन या क्रमांकात प्रश्नचिन्हाच्या जागी कोणता तपासअंक येईल? घरी आलेल्या एखाद्या स्पीड पोस्टच्या लिफाफ्यावरील क्रमांकही असाच तपासा.

(उत्तर : ३)