घरखर्चाची वही आणि पोटभर जेवण

१. काटकसर कशाला म्हणावे?

घर चालवणे सोपे नाही. पैसा थोडा असतो आणि खाणारी तोंडे पुष्कळ असतात. पैसा कमी पडला की घरातली बाई काय करते? आधी ती आपल्या ताटातले कमी करते. पुरुष जेवतात, पोरे जेवतात, म्हातारी माणसे जेवतात. मग भांड्याला लागलेले वरण, उरलेली अर्धी भाकरी आणि ठेचा, एवढ्यावर तिचे भागते. लोक म्हणतात, "बाई मोठी काटकसरी आहे."

ही काटकसर नव्हे. ही उपासमार आहे. वाचलेला पैसा पुढे दवाखान्यात जातो, आणि दुप्पट जातो.

२०१९ ते २०२१ या काळात सरकारने देशभर घराघरांची आरोग्य पाहणी केली. तीत काय दिसले? महाराष्ट्रात १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर १०० बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी होते. म्हणजे दोघींमधली एक तरी अशक्त. अशा बाईला दम लागतो, चक्कर येते. ती पोटुशी असेल तर तिला आणि पोटातल्या लेकराला, दोघांनाही धोका असतो.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. काटकसर पैशाची करावी, पोटाची करू नये. पैसा कुठे गळतो ते शोधावे आणि ते भोक बुजवावे. ते कसे शोधायचे, हेच या धड्यात शिकायचे आहे.

२. पैसा केव्हा येतो?

आपल्या निलंगा भागात पैसा वर्षभर सारखा येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते. संक्रांतीच्या पुढेमागे तूर निघते. त्या वेळी हातात पैसा खेळतो. मजुरी करणाऱ्यांना आठवड्याच्या बाजाराला पैसा मिळतो. काम नसेल तेव्हा तोही मिळत नाही. पण भूक मात्र रोज लागते. तिला सुगी कळत नाही आणि उन्हाळाही कळत नाही.

पूर्वी शेतात ज्वारी पुष्कळ असे. वर्षाची भाकर घरची असे. पुढे सोयाबीन आले, रोख पैसा आला, आणि ज्वारीचे रान कमी झाले. आता कितीतरी शेतकऱ्यांच्या घरी भाकरीची ज्वारी विकत येते.

तुरीचे पाहा. आपल्याच तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे 'ही डाळ या गावची, हिचा गुण निराळा', अशी सरकारी नोंद झाली. पानचिंचोलीच्या चिंचेलाही त्याच साली तो मान मिळाला. आपल्याला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. पण घरात काय घडते? खळे होताच सगळी तूर आडतीवर जाते. श्रावण आला की तोच शेतकरी दुकानातून पाव-पाव किलो डाळ आणतो. विकताना भाव कमी, घेताना भाव जास्त. मधला पैसा गेला.

पाच माणसांच्या घराला महिन्याला ३ किलो तूरडाळ धरली, तर वर्षाला ३६ किलो लागते. तेवढ्या डाळीसाठी ५० ते ५५ किलो तूर पुरे. पोते शिवण्याआधी एवढी तूर बाजूला काढावी. मग उरलेली खुशाल विकावी.

३. वही कशी लिहावी?

एका घरी सासू-सुनेचे बोलणे झाले. सून रात्रीच्या वर्गाला जात होती. नुकतेच तिला लिहिता येऊ लागले होते.

सून म्हणाली, "आत्या, गेल्या महिन्यात किराणा कितीचा झाला?"

सासू म्हणाली, "मला काय ठावं बाई? दुकानदाराच्या वहीत असंल लिहिलेलं."

"त्याच्या वहीत आहे, पण आपल्या वहीत नाही. तो सांगेल तेवढा आकडा आपण द्यायचा का?"

"आजवर तसंच देत आलो की. आमाला कुठं वाचता येत होतं?"

"आता मला येतंय. आजपासून जे आणू ते मी लिहिते. आत्या, आणखी एक विचारू? काल वरण कुणाकुणाच्या ताटात पडलं?"

सासू जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या ताटात न्हाई पडलं. आन् माझ्याबी न्हाई. बायामाणसाचं असंच असतंय, पोरी."

"मग तेबी लिहू. डाळ कमी पडली, एवढं लिहू. म्हणजे पुढच्या महिन्यात वाढवता येईल."

सुनेने चांगले केले. वही फक्त पैशाची नसते. घरात काय कमी पडले, हेही वही सांगते.

आता एक नमुना पाहू. समजा, घरात पाच माणसे आहेत. किराणा आणि बाजार यांसाठी महिन्याला ४,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. रेशनचे २५ किलो धान्य मोफत मिळते. इथले भाव समजण्यापुरते धरले आहेत; आपल्या गावचे भाव घालून हिशोब पुन्हा करावा.

ज्वारी १५ किलो, ४० रुपयांप्रमाणे — ६०० रु.
तूरडाळ ३ किलो, १२० रुपयांप्रमाणे — ३६० रु.
हरभरा, मूग, मटकी मिळून ४ किलो, ९० रुपयांप्रमाणे — ३६० रु.
शेंगदाणे २ किलो, १३० रुपयांप्रमाणे — २६० रु.
गोडेतेल ३ किलो, १५० रुपयांप्रमाणे — ४५० रु.
साखर व गूळ ४ किलो, ४५ रुपयांप्रमाणे — १८० रु.
चहा अर्धा किलो — १६० रु.
मीठ, तिखट, हळद, मसाला — २५० रु.
भाजी व फळे, चार बाजार, २०० रुपयांप्रमाणे — ८०० रु.
दूध व अंडी — ४०० रु.
एकूण — ३,८२० रु.
शिल्लक — १८० रु.

या यादीत पाचही माणसांच्या ताटात रोज डाळ किंवा उसळ पडते. कुणाला उपाशी राहावे लागत नाही. मग आपला पैसा कमी का पडतो? यादीत नसलेल्या गोष्टींकडे पाहा.

दोन मुले रोज पाच-पाच रुपयांची कुरकुऱ्याची पुडी घेतात. रोजचे १० रुपये, महिन्याचे ३००. एवढ्या पैशात अडीच किलो तूरडाळ येते. घरधनी रोज २० रुपयांची तंबाखू खातो. महिन्याचे ६०० रुपये झाले. म्हणजे घराची महिन्याची सगळी ज्वारी एकटी तंबाखू खाऊन जाते! पुडीने पोट भरत नाही, आणि तंबाखूने तर तोंडाचा कर्करोग होतो. ही भोके वहीत दिसतात. न लिहिता दिसत नाहीत, कारण पाच आणि दहा रुपयांचे आपल्याला काही वाटत नाही.

४. दुकानात काय पाहावे?

एक : भाव किलोवर मोजा. समजा, चहाची २५ ग्रॅमची पुडी १० रुपयांना मिळते. अशा ४० पुड्यांचा एक किलो होतो, म्हणजे किलोला ४०० रुपये पडले. पाव किलोचा पुडा ८० रुपयांना मिळतो, म्हणजे किलोला ३२० रुपये. लहान पुडी स्वस्त दिसते, पण महाग पडते. मात्र मोठा पुडा नेहमीच स्वस्त असतो असेही नाही. म्हणून दर वेळी मोजून पाहावे. आता पुष्कळ पुड्यांवर दर ग्रॅमचा किंवा किलोचा भावही छापलेला असतो. तो वाचावा.

दोन : पुड्यावर तीन गोष्टी वाचा. वजन किती, जास्तीत जास्त किंमत किती, आणि माल केव्हाचा आहे. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागण्याचा हक्क दुकानदाराला नाही.

तीन : माप आणि वजन यांत गोंधळ करू नका. थोरली माणसे अजून शेर, पायली म्हणतात. देशात १९६२ सालापासून किलोची वजने सक्तीची झाली. मापाने भरून दिलेले धान्य हाताच्या चलाखीने कमी होऊ शकते. म्हणून काट्यावर वजन करूनच घ्यावे, आणि घेण्याआधी काटा शून्यावर आहे का ते पाहावे.

चार : उधारी जपून करा. उधार मालाला रोख मालापेक्षा भाव जास्त लागतो, हे पुष्कळदा आपल्या ध्यानात येत नाही. उधार आणलेच तर त्याच दिवशी आपल्या वहीत तारीख, वस्तू, वजन आणि रक्कम लिहा. महिनाअखेर दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहा. यात भांडणाचे काही कारण नाही. हिशोब चोख असला की दोघांचेही चांगले जमते.

५. स्वस्त आणि कसदार

महाग तेच चांगले, असे नाही. आपल्याकडची ज्वारीची भाकरी आणि डाळ ही जोडी फार चांगली आहे. ज्वारीत जे कमी ते डाळीत असते, आणि डाळीत जे कमी ते ज्वारी भरून काढते. म्हणून नुसती भाकरी-चटणी खाण्यापेक्षा सोबत वाटीभर वरण किंवा उसळ असावी. मूग-मटकी भिजवून मोड आणले तर ती लवकर शिजते, आणि तिचा कसही वाढतो. डाळ तासभर भिजवून झाकण ठेवून शिजवली की गॅस किंवा सरपण वाचते.

वेळ अमावस्या आठवा. त्या दिवशी लातूर भागात सारे गाव शेतात जेवते. भज्जी कशाची करतात? तुरीचे आणि वालाचे दाणे, हिरवा हरभरा, वाटाणा, पालेभाज्या, थोडे बेसन आणि चिंच. सोबत ज्वारीची आंबील. बहुतेक सारे शेतातले आणि घरचे. एकाच जेवणात धान्य, कडधान्य, भाजी आणि ताक येते. वर्षातून एकदा जे आपण सणाला जेवतो, त्याचीच लहान प्रत रोज ताटात यावी.

अंबाडीची भाजी करून पाहा. अंबाडीची पाने निवडून, धुऊन उकडावीत. आंबटपणा फार असेल तर पाणी काढून टाकावे. मूठभर तूरडाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्या मऊ शिजवाव्यात. त्यात पाने घोटावीत. मीठ व तिखट घालावे. वरून लसणाची फोडणी द्यावी. दोन चमचे तेलात पाच माणसांची भाजी होते. करडईची पाने, हरभऱ्याचा पाला, तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला या भाज्याही अशाच गुणाच्या. मात्र ज्या रानात तणनाशक किंवा औषध फवारले असेल, तिथली भाजी आणू नये.

पालेभाजीबरोबर लिंबाची फोड घ्यावी. भाजीतले लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये; चहाने ते लोह वाया जाते. तासाभराने घ्यावा.

सोयाबीन आपण पिकवतो, पण खात नाही. कच्चे सोयाबीन खाऊ नये. ते पंधरा मिनिटे उकळावे, कडक वाळवावे, आणि नऊ किलो ज्वारी किंवा गव्हात एक किलो घालून दळावे. त्याच पिठाची भाकरी जास्त कसदार होते.

शिळ्या भाकरीचा कुस्करा करावा, उरलेल्या वरणात पीठ मळून धपाटे करावेत. पण आंबूस वास आलेला भात किंवा वरण 'टाकवत नाही' म्हणून कुणी खाऊ नये. आपला उन्हाळा कडक असतो. थोडे कमी रांधावे, हीच खरी काटकसर.

६. साठवण

१९७२ च्या दुष्काळात लोकांनी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढले. ज्यांनी ते पाहिले, ती माणसे अजून दाणा सांडू देत नाहीत. धान्य कडक उन्हात वाळवावे, गार झाल्यावर कोठीत भरावे. कोठी कोरडी असावी, झाकण घट्ट असावे. वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. डाळीला तेलाचा हात लावावा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. धान्याला कीड लागू नये म्हणून काही लोक विषारी गोळ्या ठेवतात. त्या गोळ्यांतून विषारी वायू निघतो. त्या खोलीत झोपलेली माणसे दगावतात. राहत्या घरात त्या गोळ्या मुळीच आणू नयेत.

७. हक्काचे घ्यावे

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे पात्र घरातल्या दर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. अंत्योदय घराला ३५ किलो मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पावती मागावी, वाचावी आणि वजन पडताळावे. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि लहान मुले यांना अंगणवाडीतून आहार मिळतो. रक्तवाढीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्या घ्याव्यात. यात लाज कसली? हा आपला हक्क आहे.

आज रात्री एक करून पाहा. घरातले सगळे एकत्र जेवायला बसा. वाढण्याआधीच वरणाचे सारखे वाटे करा. मग जेवण झाल्यावर वहीचे पहिले पान लिहा.

अभ्यास

१. काटकसर आणि उपासमार यांत फरक काय?
२. रोज १० रुपये वायफळ गेले, तर वर्षाला किती जातात? त्यात १२० रुपये किलोची डाळ किती येईल?
३. ५० ग्रॅमची पुडी २० रुपयांना आणि अर्धा किलोचा पुडा १७० रुपयांना मिळतो. किलोला भाव काढा. कोणता घ्याल?
४. आपल्या घरी सर्वांत शेवटी कोण जेवते? तिच्या ताटात काल काय काय होते, ते लिहा.
५. एका आठवड्याचा बाजारखर्च वहीत लिहून वर्गात आणा.