गडचिरोलीचे सी-60 पथक



महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. 1982 साली तो चंद्रपूरपासून वेगळा झाला. घनदाट जंगल, गोंड व माडिया आदिवासींची गावे आणि त्यांत 1980 च्या दशकापासून नक्षलवाद्यांची हिंसा. बाहेरून आलेल्या पोलिसांना ना वाटा ठाऊक, ना बोली.

1990 साली तेथील पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थानिक जवान निवडून खास कमांडो पथक उभे केले. सुरुवातीला जवान 60, म्हणून नाव सी-60. त्यांना जंगल ठाऊक होते, गोंडी येत होती. ते गावकऱ्यांच्या अडचणी ऐकून शासनापर्यंतही पोहोचवू लागले.

पोलिसांनी याची किंमतही मोजली. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनीच, जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात 15 जवान व 1 वाहनचालक शहीद झाले. समोर बंदूक धरणाराही पुष्कळदा त्याच जंगलातला असे. म्हणून ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षल नेता भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, ही बातमी आम्हाला चकमकीच्या बातमीपेक्षा मोठी वाटते.

आपण नानाखेड्यात घरी मराठी बोलतो, शाळेत हिंदी, आणि आजूबाजूच्या गावांत माळवी ऐकतो. उद्या तुम्ही पोलीस, डॉक्टर किंवा शिक्षक व्हाल. ज्यांची सेवा करायची, त्यांची बोली आधी शिका. गडचिरोलीचा धडा हाच आहे.

गृहपाठ : नकाशात गडचिरोली शोधा व तिच्या सीमेवरील राज्यांची नावे लिहा.