दूरबिणीद्वारे जानुसंधीची शस्त्रक्रिया आणि सायकलीकडे परतणारा रुग्ण

जानुसंधीवर दूरबिणीद्वारे शस्त्रक्रिया झालेला रुग्ण आता खेड्यापाड्यांतील चिकित्सालयांतही येऊ लागला आहे. शस्त्रक्रिया करावी की नाही, हे विचारण्यासाठी तो आपल्याकडे येत नाही. तो निर्णय झालेला असतो, टाकेही निघालेले असतात. त्याला मालिशासाठी तेल हवे असते, गुग्गुळाचा एखादा कल्प हवा असतो, आणि जाता जाता दारात थांबून तो विचारतो, "वैद्यराज, सायकल कधीपासून चालवू?" ह्या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा उभ्या उभ्याच देतो. मीही तसेच देत असे.

काही वर्षांपूर्वी घरोघरी वृत्तपत्रे टाकणारा एक चाळिशीचा गृहस्थ शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आला. गुडघ्यावर दोन बारीक व्रण होते व ते पूर्ण रोपण झालेले होते. शोथ अल्प, वेदना नाममात्र. सायकल बंद म्हणजे त्याची मिळकत बंद. मी व्रण पाहिले, संधी हलवून पाहिला आणि "हळूहळू सुरू करा" असे सांगितले. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड त्याच्या हातातील पिशवीत होते, ते मी उघडले नाही. पाचव्या आठवड्यात सायकलवरून उतरताना गुडघ्यात 'कट्' असा आवाज होऊन संधी अडकला. त्याच्या गुडघ्यातील फाटलेली गादी कापून काढलेली नव्हती, ती शिवलेली होती. दुसऱ्या शस्त्रक्रियेत शिवलेला भाग काढून टाकावा लागला आणि त्याची वृत्तपत्राची लाईन काही महिने दुसऱ्याकडे गेली. सायकल चालवली नसती तरी शिवण उसवली असती की नाही, हे निश्चयाने सांगता येणार नाही. परंतु कार्ड न वाचता सल्ला दिला गेला, ही वस्तुस्थिती त्यामुळे बदलत नाही. प्रस्तुत लेख त्या अनुभवातून लिहिला आहे.

आर्थ्रोस्कोपीचा इतिहास फार जुना नाही. टोकियो येथे केंजी ताकागी यांनी १९१८ साली मृतदेहाच्या जानुसंधीत मूत्राशय तपासण्याची नळी घालून प्रथम पाहिले आणि त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९६२ साली दूरबिणीतून मेनिस्कसचा फाटलेला भाग काढला. ह्या तंत्रामुळे बाहेरचा व्रण अर्ध्या इंचाहूनही लहान झाला. परंतु आतील कर्म त्या प्रमाणात लहान झाले असे नाही. रुग्ण व्रण पाहून आपल्या आजाराचे मोजमाप करतो, आणि वैद्यही तसेच करू लागला तर घात होतो. सुश्रुताचार्यांनी जानु हे वैकल्यकर मर्मांत गणले असून त्याच्या आघाताने खंजता येते असे सांगितले आहे. त्या संधीत शिरणारे शस्त्र बारीक असले तरी मर्म तेच आहे.

म्हणून पहिला प्रश्न 'किती दिवस झाले?' हा नसून 'आत काय केले?' हा असावा. मेनिस्कस म्हणजे ऊर्वस्थी व जंघास्थी यांच्यामधील अर्धचंद्राकार गादी. तिचा फाटका भाग केवळ छाटला असेल, तर आत जुळून यायचे असे काही उरत नाही. अशा रुग्णाला व्रण कोरडे झाल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यापासून, स्थिर सायकलवर भार न लावता पाय फिरवता येतो आणि प्रकृती चांगली असल्यास चार ते सहा आठवड्यांत तो सपाट रस्त्यावर जाऊ शकतो. गादी शिवली असेल तर हिशोब सर्वस्वी वेगळा. तेथे रक्ताचा पुरवठा अल्प असल्याने संधान सावकाश होते. बहुतेक शल्यचिकित्सक पहिले सहा आठवडे गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवू देत नाहीत. पायडलचा पूर्ण फेरा घेण्यास मात्र सुमारे १०५ ते ११० अंश वाकणे लागते. म्हणजे स्थिर सायकलसुद्धा सहा आठवड्यांच्या पुढेच, आणि रस्ता तीन महिन्यांच्या सुमारास. उकिडवे बसणे त्याहूनही पुढे. आपल्याकडे सायकलपेक्षा शौचास बसण्याची पद्धत अशा गुडघ्याला अधिक मारक ठरते, हे विचारून घ्यावे.

एसीएल ह्या बंधाच्या जागी रुग्णाचाच स्नायुबंध बसविला असेल, तर आणखी एक फसवणूक संभवते. नवा बंध बसविताना बळकट असतो, पुढे त्यात नव्याने रक्तवाहिन्या येण्याच्या काळात, म्हणजे साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, तो दुबळा होतो. नेमक्या ह्याच काळात रुग्णाची वेदना गेलेली असते आणि त्याला आपण बरे झालो असे वाटते. स्थिर सायकल त्याला तीन-चार आठवड्यांपासून बहुधा दिली जाते. रस्त्यावरची सायकल तीन महिन्यांच्या आत देऊ नये. तरुणास्थीच्या झिजलेल्या जागी हाडाला सूक्ष्म छिद्रे पाडली असतील तर पायावर भार देण्यास कित्येक आठवडे मनाई असते, तरी भाररहित फिरवणे लवकर सांगतात. ही सर्व मर्यादा स्थूलमानाने दिली आहे. शल्यचिकित्सकाने कार्डावर लिहिलेले बंधन ह्याहून कडक असेल तर तेच पाळावे, आणि शंका असल्यास त्यांना दूरध्वनी करण्यात कमीपणा मानू नये.

आता सायकलच का? चालताना जानुसंधीवर शरीरभाराच्या सुमारे अडीचपट भार पडतो, जिना उतरताना तीनपटीहून अधिक. आरामात सायकल चालविताना तो सव्वापटीच्या आसपास राहतो, कारण शरीराचा बहुतेक भार सीटवर असतो. संधी हलतो, श्लेषक कफाचे अभिसरण होते, मांडीचे स्नायू काम करतात, आणि आघात मात्र नसतो. पन्नाशीनंतरच्या संधिगतवाताच्या रुग्णात तर सायकल हीच मुख्य चिकित्सा म्हणावी लागेल. झिजेमुळे फाटलेल्या मेनिस्कसबाबत फिनलंडमधील १४६ रुग्णांच्या अभ्यासात छाटणी आणि केवळ दिखाऊ शस्त्रक्रिया यांच्यात एक वर्षानंतर लक्षणीय फरक आढळला नाही. तो निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झाली म्हणजे झीज थांबली, असे अशा रुग्णाला वाटू देऊ नये.

पंचकर्मानंतर आपण रुग्णाला एकदम पुरणपोळी देत नाही. पेया, विलेपी असा संसर्जनक्रम देतो. सायकलचाही तसाच क्रम लावावा. प्रथम स्थिर सायकलवर सीट किंचित उंच ठेवून, पूर्ण फेरा होत नसल्यास पाय झोपाळ्यासारखा मागेपुढे हलवावा. एखाद्या दिवशी फेरा आपोआप पूर्ण होतो, जोर लावून तो पूर्ण करू नये. पाच-सात मिनिटांपासून आरंभ करून आधी वेळ वाढवावा, मग भार. वेळ आणि भार एकाच आठवड्यात वाढवू नयेत. सीटच्या उंचीची परीक्षा सोपी आहे : बसल्यावर टाच खालच्या पायडलवर ठेवली असता गुडघा जेमतेम सरळ व्हावा. पुढे चवडा पायडलवर ठेवला की गुडघा ३० अंशांच्या आसपास वाकलेला राहतो. सीट खाली असेल तर गुडघा अधिक वाकतो आणि वाटीमागे दुखते. ह्या दुखण्याला कित्येकदा आपण औषध देतो, पाना द्यायला हवा असतो.

व्यायाम अर्धशक्तीने करावा, हे आपले सूत्र. कपाळी, नाकावर व काखेत घाम आणि तोंडाने श्वास ही बलार्धाची लक्षणे सर्वांना पाठ आहेत. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यास ती पुरत नाहीत, असे माझे मत आहे. घाम सर्व शरीराच्या बळाचे माप देतो, एका संधीच्या बळाचे नाही. धडधाकट तरुणाला घाम फुटण्यापूर्वीच त्याचा गुडघा थकलेला असतो. संधीचे उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. वाटीच्या मध्यावर टेपने घेर मोजावा, दोन्ही पायांचा मोजावा. सकाळी शोथ वाढलेला, संधी कोमट किंवा ताठरलेला आढळला तर कालचे प्रमाण अधिक झाले. एक-दोन दिवस विश्रांती देऊन मागच्या पायरीवर यावे. वाटीच्या १० सेंटिमीटर वर मांडीचा घेरही नोंदवावा. संधीत थोडे जरी पाणी साचले तरी मांडीचा पुढचा स्नायू आखडता हात घेतो, व्यायाम करूनही भरत नाही. म्हणून शोथ असेतो बृंहणाचा आग्रह व्यर्थ आहे, आधी शोथ.

स्नेहन-स्वेदनाविषयी आपल्यातच घाई फार आहे. टाक्यांच्या जागा पूर्ण कोरड्या होईपर्यंत संधीवर तेल नको, त्या सूक्ष्म व्रणांची वाट सरळ संधीत जाते. संधी उष्ण व सशोथ असताना जानुबस्ती देऊ नये. तो काळ उलटल्यावरही व्रणांभोवतीची त्वचा काही रुग्णांत बधिर राहते, विशेषतः एसीएलनंतर. अशा त्वचेवर तेलाची उष्णता रुग्णाला कळत नाही व फोड येतात. तेल आधी आपल्या मनगटावर पाहावे आणि कापसाने त्वचेची संज्ञा तपासावी. पोटरीचे मालिश मात्र पहिल्या सहा आठवड्यांत विचारल्याशिवाय करूच नये. पोटरी एका बाजूची सुजलेली, दाबल्यास दुखरी, कोमट असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याचा संभव असतो. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. असा रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावा. ताप, वाढती वेदना, व्रणातून स्राव किंवा एकाएकी अडकलेला गुडघा यांनाही हाच नियम.

औषधालय चालविणाऱ्या बांधवांना येथे एक विनंती. असा रुग्ण पुष्कळदा वैद्याकडे न येता थेट आपल्या काउंटरवर येतो. तेलाची बाटली देताना शस्त्रक्रिया कधी झाली आणि पोटरी दुखते का, इतके विचारावे. गुग्गुळ मागणाऱ्यास रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, हे विचारल्याशिवाय तो देऊ नये, कारण रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. प्रोप्रानोलॉल आणि डिल्टियाझेम ह्या हृदयाच्या औषधांचे रक्तातील प्रमाण गुग्गुळाने घटते, हेही ध्यानात असू द्यावे. शल्यचिकित्सकाची कोणतीही गोळी आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नये.

शेवटी रस्त्याविषयी. माझा रुग्ण पायडल मारताना जायबंदी झाला नाही, उतरताना झाला. एका पायडलवर उभे राहून दुसरी टांग मागून टाकण्याची आपली सवय गुडघ्याला भार व पीळ एकदम देते. शस्त्रक्रिया झालेल्यांनी दांडीची सायकल तिरपी करून, दोन्ही पाय जमिनीवर असताना टांग ओलांडावी. त्याहून बरे म्हणजे खाली वाकलेल्या दांडीची लेडीज सायकल घ्यावी. पुरुष रुग्ण ह्याला लाजतात, तेव्हा सांगताना थोडे चातुर्य लागते. घरी उंच ठेवलेली सीट रस्त्यावर आरंभी थोडी उतरवावी, म्हणजे थांबताना चवडा जमिनीला टेकतो. टेकवायचा तो निरोगी पाय. शर्यतीच्या सायकलीला बूट अडकणारे पायडल असतात. ते सोडविण्यास टाच बाहेर पिळावी लागते, म्हणून ते तीन-चार महिने साधे करून घ्यावेत. गिअर असल्यास हलका, मिनिटाला ६० ते ८० फेरे पडतील असा. साध्या सायकलीला गिअर नसतो. तेथे समोरचा वारा, चढ आणि कॅरिअरवरचे ओझे हाच भार. चढावर उभे राहून मारू नये, उतरून हातात सायकल घेऊन चालावे. पावसाळ्यातील खड्डे व शेवाळ पाहता, जून ते सप्टेंबरमध्ये तयार झालेल्या रुग्णालाही मी आणखी काही आठवडे घरच्या स्थिर सायकलवरच ठेवतो.

तो वृत्तपत्रवाला आता पुन्हा लाईन टाकतो. दुसऱ्या वेळी आम्ही त्याला प्रथम रिकाम्या सायकलवर आठवडाभर गल्लीत फिरविले, मग मागे पंधरा-वीस अंक, मग हळूहळू पूर्ण गठ्ठा. सकाळचा घेर तो स्वतः मोजून वहीत लिहीत असे आणि दर रविवारी ती वही घेऊन येत असे.