केडगावची प्रार्थना

आपल्या किनवटपासून दूर, पुणे जिल्ह्यात केडगाव आहे. तिथे पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मेली. रमाबाईंनी तिथल्या पोरक्या मुली आणल्या. मुली लिहा-वाचायला शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या.

१९०५ साली मुली रोज जमून प्रार्थना करीत. जून महिन्यात प्रार्थनेला उधाण आले. कोणी रडे, कोणी मोठ्याने आपली पापे सांगे. देवाचा आत्मा आला, असे त्या म्हणत. मग त्या टोळ्या करून गावोगाव निघाल्या.

मिनी अब्राम्स या अमेरिकन बाई तिथे काम करीत. त्यांनी १९०६ साली यावर लहानसे पुस्तक लिहिले. एक प्रत समुद्रापार चिली देशात मैत्रिणीकडे गेली. मैत्रिणीचे पती विलिस हूवर पाद्री होते. १९०९ साली त्यांच्या मंडळीतही तशीच प्रार्थना सुरू झाली. वरच्या पुढाऱ्यांना ते रुचले नाही. तेव्हा हूवर व त्यांचे लोक वेगळे झाले. त्यांनी स्वतंत्र मंडळी उभी केली. आज तिथे अशा मंडळ्यांत लाखो लोक आहेत.

कोणी याला देवाची कृपा म्हणेल, कोणी मनाचा आवेग. पण दुष्काळातून वाचलेल्या मुलींची गोष्ट कागदावर उतरली, म्हणूनच ती इतकी दूर पोचली.

सांगा पाहू : चिलीत ही गोष्ट कशी पोचली?